मराठी चौथी ते इंग्रजी पहिली

महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या घरांतून सुमारे शंभर वर्षे एक प्रश्न वार्षिक परीक्षा आटोपली की हटकून निघत असे. मुलगा मराठी चौथी पास झाला. आता त्याला इंग्रजीत घालावयाचे की मराठीच पुढे चालवावयाची? घरातील वडील मंडळी या प्रश्नाचा विचार सोयरिकीइतक्याच गंभीरपणे करीत. फी कोठून आणावयाची, शाळा दुसऱ्या गावी असल्यास मुलाने राहावयाचे कोणाकडे, जेवावयाचे कोठे आणि इतके करूनही त्याला ती परकी भाषा आली नाही तर पुढे काय, असे अनेक प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटात दडलेले असत. प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाण्याची ही पायरी आजच्या मुलांनाही चढावी लागते. परंतु ती आपल्याकडे इतकी उंच का झाली आणि ज्यांनी ती ओलांडली त्यांना कोणाचा हात मिळाला, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

या पायरीचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडते. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी मुंबईत सोसायटी निघाली आणि तिने मराठी व गुजराती शाळांसाठी पुस्तके तयार करविली. याच सुमारास कोकणातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर विद्येसाठी मुंबईस आले व सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या आश्रयाने राहून इंग्रजी शिकले. गावची विद्या संपल्यावर शहरात एखाद्या कर्त्या पुरुषाच्या घरी राहून पुढील विद्या मिळवावयाची, हा पुढे शेकडो मुलांनी गिरविलेला कित्ता त्या काळापासूनचा आहे.

१८४० साली शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आला आणि त्या मंडळात शिक्षणाच्या भाषेविषयी मोठा वाद माजला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. थोड्या लोकांना उत्तम इंग्रजी शिक्षण द्यावे, म्हणजे ते पुढे आपोआप खाली झिरपेल, अशी त्यांची धारणा होती. जगन्नाथ शंकरशेट व कर्नल जर्व्हिस यांनी उलट बाजू उचलून धरली. बहुजनसमाजाला ज्ञान द्यावयाचे तर ते त्याच्या स्वभाषेतूनच दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. वादाचा निकाल कोणत्याही एका पक्षासारखा लागला नाही. खालचे शिक्षण देशी भाषेत व वरचे इंग्रजीत, अशी वाटणी झाली आणि १८५४ च्या सर चार्ल्स वुड यांच्या खलित्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. १८५५ साली शिक्षणखाते निघाले, १८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेतलेच उत्तीर्ण विद्यार्थी होत.

तडजोड म्हणून ही वाटणी वाईट नव्हती. तथापि तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हे पाहणे जरूर आहे. दोन पक्षांनी दोन मजले वाटून घेतले. पण त्यांच्यामधला जिना बांधण्याचे काम कोणाकडेच नेमून दिलेले नव्हते. ते दहाअकरा वर्षांच्या मुलाकडे व त्याच्या आईबापांकडे आले.

पुढे जी व्यवस्था रूढ झाली, तिच्यात मराठी चार इयत्ता संपल्या की वाट दुभंगे. एक फाटा मराठी पाचवी, सहावी, सातवी असा जाऊन व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेपाशी थांबे. ती पास झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षकाची, तलाठ्याची किंवा तशीच एखादी लहान नोकरी मिळे. दुसरा फाटा इंग्रजी पहिलीकडे वळे. इंग्रजी पहिली म्हणजे शिक्षणाचे पाचवे वर्ष. पहिल्या तीन इयत्तांना मिडल स्कूल व चौथीपासून सातवीपर्यंतच्या इयत्तांना हायस्कूल म्हणत. सातवी इंग्रजी म्हणजेच मॅट्रिक. कॉलेज, वकिली, डॉक्टरी, मामलत हे सारे या दुसऱ्या फाट्यावरचे मुक्काम होते. ज्याने मराठी फायनल केल्यावर इंग्रजीत जाण्याचे मनात आणले, त्याला आपल्याहून तीनचार वर्षांनी लहान असलेल्या मुलांच्या पंक्तीला बसून मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागे.

चौथीपर्यंत मुलाला एकच गुरुजी असत. ते त्याच्या बापाला ओळखत, घर ठाऊक असलेले असत आणि वाचन, गणित, भूगोल सारे काही तेच शिकवीत. इंग्रजी शाळेत तासातासाला घंटा होई आणि घंटेबरोबर मास्तर बदले. फी मराठी शाळेत आण्यांनी, तर येथे रुपयांनी मोजावी लागे. काल वर्गात पहिला असलेला मुलगा आज परक्या लिपीतील अक्षरे गिरवीत बसे आणि आपली सारी हुशारी गावी विसरून आलो की काय, असे त्याला वाटे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांची सोबत केली ती याच वळणावर. सोप्या वाक्यापासून अवघड वाक्याकडे, मराठीच्या आधाराने इंग्रजीकडे, अशी तिची रीत होती. मुलाला जे येते त्याचा हात धरून जे येत नाही तिकडे न्यावयाचे, हे पुस्तककर्त्याने ओळखले होते.

मुलाला इंग्रजीत घालण्याच्या प्रश्नावर घराचे मत कसे फिरते आणि कोणाच्या शब्दाने फिरते, याचे मोठे बोलके उदाहरण जोतीराव फुले यांच्या चरित्रात आहे. त्यांचा जन्म १८२७ चा. मराठी शाळेत काही वर्षे काढल्यावर लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढून बागेच्या कामाला लावले. माळ्याच्या मुलाला पुढील विद्या काय करावयाची, असा तो हिशेब होता. परंतु मुलाची वाचनाची ओढ सुटली नाही. ती शेजारी राहणाऱ्या गफार बेग मुन्शी व लेजिट साहेब या दोघांच्या नजरेस आली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत पुन्हा दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय चौदा वर्षांचे असून विवाहही झालेला होता. एका मुसलमान मुन्शीने व एका ख्रिस्ती गृहस्थाने शेजारधर्म पाळला नसता, तर १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारा पुरुष फुलांच्या व्यापारातच राहिला असता.

ज्या मुलांच्या गावी इंग्रजी शाळाच नव्हती, त्यांची कथा आणखी निराळी. धोंडो केशव कर्वे हे कोकणातील मुरुडचे. मराठी शाळेच्या शेवटच्या इयत्तेनंतरची सरकारी परीक्षा देण्यासाठी ते १८७५ साली सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. वाट शंभराहून अधिक मैलांची. परीक्षेस सतरा वर्षे पूर्ण असण्याची अट होती आणि ती त्यांची झालेली होती. परंतु अंगाने ते लहानखुरे. हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्या कारणावरून अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठविले. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. त्यानंतर इंग्रजीचा अभ्यास, मुंबईस रॉबर्ट मनी शाळा आणि १८८१ साली मॅट्रिक. वय तेवीस. आत्मवृत्तात त्यांनी हे सारे शांतपणे सांगितले आहे. पण त्याच वाटेवरून परत फिरलेल्या आणि पुन्हा कधी न निघालेल्या किती मुलांची आत्मवृत्ते लिहिली गेलीच नाहीत, याचा विचार वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

गोपाळ गणेश आगरकर यांचे गाव कऱ्हाडजवळचे टेंभू. विद्येपायी कऱ्हाड, रत्नागिरी आणि शेवटी नातलगांच्या आधाराने अकोला, अशी भटकंती करून ते १८७५ साली मॅट्रिक झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण तर घरोघर सांगण्यासारखे आहे. कागल येथे आरंभीचे शिक्षण झाल्यावर ते व त्यांचे वडील बंधू गोविंदराव कोल्हापुरास शिकू लागले. १८७९ साली वडील वारले. गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सातांत सारा संसार. गोपाळरावांनी १८८१ साली मॅट्रिक केले. त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती पुढे विलायतेपर्यंत गेली; ज्या भावाने आपली इयत्ता अर्धवट टाकून त्यांची इयत्ता पुरी करविली, त्याचे नाव मात्र क्वचितच निघते.

पैशाच्या जोडीला अन्नाचा प्रश्न असे. पुण्यासारख्या शहरात बाहेरगावचा गरीब विद्यार्थी वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार भरले की त्याच्या शिक्षणाची निम्मी सोय झाली असे समजत. एखादा वार रिकामा राहिला, तर त्या दिवशी चुरमुऱ्यांवर किंवा पाण्यावर भागवावे लागे. काही मुले माधुकरी मागत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते अशाच मुलांसाठी. वार घालणाऱ्या गृहिणींच्या नावे कोणत्याही शाळेत पाटी लागलेली नाही. परंतु महाराष्ट्रातील एका सबंध सुशिक्षित पिढीचे पोषण त्यांच्या पानांवर झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात हा आधार मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरताच होता. ज्यांच्या हातचे पाणी चालत नसे, त्यांना वार कोण देणार?

येथे या पायरीची खरी उंची दिसू लागते. १८८२ साली हंटर कमिशन पुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे आणि शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातून घेतलेले असावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दुसऱ्या मागणीचे मर्म विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलाच्या घरची भाषा व घरची अडचण ज्याला ठाऊक आहे असा शिक्षक भेटला, तर मूल शाळेत टिकते, हा त्यांचा अनुभव होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका नऊ वर्षांच्या मुलाची इंग्रजी पहिलीत नोंद झाली. शाळेतील दिवसांचे वर्णन बाबासाहेबांनी पुढे स्वतःच केले आहे. बसावयाचे तरटाचे बसकूर त्यांना घरून न्यावे लागे व ते इतरांपासून दूर टाकून बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की पाणी नाही. इतर मुलांना भाषा, घंटा व फी यांची पायरी होती. या मुलाला त्यांखेरीज आणखी एक होती आणि ती माणसांनीच रचली होती.

पण त्याच आठवणींत हात देणारी माणसेही आहेत. आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतील भाकरीभाजी त्या मुलाला देत. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. तर्खडकरांचे धडे त्यांनी मुलाकडून घटवून घेतले. पुढे मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड असताना ते मुलाला लवकर निजवीत आणि पहाटे दोन वाजता अभ्यासास उठवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलींकडून दागिना मागून आणून तो गहाण टाकीत आणि पेन्शन आले की सोडवून परत करीत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. त्या यशात एका बापाची झोप आणि बहिणींचे दागिने जमेस धरलेच पाहिजेत.

मुलींच्या बाबतीत ही पायरी दीर्घकाळ शाळेत नव्हतीच, कारण मराठी शाळा संपण्याच्या वयाला बहुतेकींचे लग्न झालेले असे. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी सासरी आल्या. त्यांचे मराठी व इंग्रजी दोन्ही शिक्षण घरातच, पतीच्या देखरेखीखाली आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचे बोलणे सोसून झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक वाचताना दिसते की, मुलाला इंग्रजी शिकताना व्याकरणाशी झगडावे लागे, तर सुनेला स्वयंपाकघराशी. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली आणि कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढून तेथे मातृभाषेतून उच्च शिक्षणाची सोय केली. चाळीस वर्षांपूर्वी ज्याला सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठविले, त्यानेच ही भाषेची पायरी मुलींपुरती काढून टाकली.

एकेका घराच्या त्यागावर अवलंबून राहण्याऐवजी ही सोय संस्थेच्या रूपाने करावी, हा विचार दक्षिण महाराष्ट्रात जोराने पुढे आला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरास व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आरंभ करून दिला. त्यामागोमाग निरनिराळ्या जातीधर्मांची वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. गावात पायरीपर्यंत पोहोचविणारी शाळा आणि शहरात पायरीच्या वर राहण्याची जागा, अशी दोन्ही टोके त्यांनी एकाच वेळी धरली होती.

याच कोल्हापुरात शिकलेले आणि स्वतः मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत व एका पंक्तीला जेवत. ज्या गावी चोवीस वर्षांपूर्वी एका मुलाला बसकूर घरून आणावे लागले होते, त्याच गावची ही गोष्ट. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९४० साली साताऱ्यातच महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुले शेतात किंवा रस्त्यावर श्रम करीत आणि त्या श्रमावर शिकत. वार मागून जेवणाऱ्या विद्यार्थ्याला मिंधेपण वाटे. येथे ते राहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर पायरीची रचनाच बदलली. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९४८ च्या सुमारास पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा एस.एस.सी. परीक्षेने घेतली व तिची पहिली परीक्षा १९४९ साली झाली. त्यामुळे इंग्रजी पहिली हे नाव मागे पडून पाचवी हे नाव आले. मुले मागे पडतील अशी ओरड शहरांतून झाली. खेड्यांतील मुलांची मात्र तीन वर्षांची धास्ती चुकली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीत आली आणि २००० सालापासून पहिलीतच आली. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र मधला टप्पा मानला आहे. मुलींना हायस्कुलाच्या गावी जाता यावे म्हणून एस.टी.च्या मोफत प्रवासाची जी योजना निघाली, तिचा आरंभ पाचवीपासून होतो, हेही अर्थपूर्ण आहे. पायरी कोठे आहे, हे सरकारलाही ठाऊक झाले म्हणावयाचे.

एवढ्याने पायरी सपाट झाली, असे मात्र नाही. आजही अनेक गावांतून चौथीची शाळा घराजवळ आणि पाचवीची शाळा दुसऱ्या गावी असते. एका गुरुजींच्या जागी सहा शिक्षक येतात, वह्या वाढतात, आणि शहरातील मोठ्या शाळेत चार निरनिराळ्या शाळांतून आलेली मुले एका वर्गात कोंबली जातात. चौथीपर्यंत पुढे असलेले मूल पहिल्या सहामाहीत एकदम मागे पडले की आईबाप घाबरतात, शिकवणी लावतात, शेजारच्या मुलाचे दाखले देतात. वर सांगितलेली चरित्रे त्यांनी या दृष्टीने एकवार पाहावीत. कर्वे तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि फुले चौदाव्या वर्षी इंग्रजी शिकू लागले. एकदोन वर्षांच्या उशिराने त्यांचे काही अडले नाही.

गोविंदरावांना मुन्शींनी समजावले, रामजींनी पहाटे दिवा लावला, भाऊ आठ रुपये पाठवीत राहिला, गुरुजींनी भाकरी वाटून घेतली, लक्ष्मीबाईंनी चूल पेटती ठेवली. यांपैकी कोणीही मुलाच्या जागी अभ्यास केला नाही. मूल नवख्या जागी उभे असताना त्याच्याजवळ ओळखीचे कोणी तरी असावे, एवढीच तजवीज प्रत्येकाने केली. आज वसतिगृहे, पुस्तके व प्रवासाची साधने पुष्कळ झाली असली, तरी पाचवीच्या किंवा सहावीच्या पहिल्या सहामाहीत शाळेतून परतलेल्या मुलाचे म्हणणे, गुणांची चौकशी करण्यापूर्वी, स्वस्थपणे ऐकून घेणे हे काम घरच्या माणसांनाच करावयाचे आहे.